तांबड्या दाण्याचा कारभारी

गोमंतकात राजवटी आल्या आणि गेल्या. डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेले आणि १९६१ साली तो अमल संपला. या उलथापालथीत कोणाची वतने राहिली, कोणाची गेली, देवस्थानांचे हक्क कसे बदलले, याचा मागोवा अभ्यासकांनी घेतला आहे. परंतु या सर्व काळात ज्या एका वस्तूत खंड मोजला गेला, ज्या वस्तूची सकाळची पेज शिजली आणि जिचे नवे कणीस दाराला बांधले गेले, त्या भाताकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला फारशी नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उकड्या तांबड्या तांदळाची रास दिसते, तेव्हा आपण भाव विचारतो. हा तांदूळ तांबडा का, असे विचारत नाही. गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने दिले आहे. ते उत्तर रसायनशास्त्राइतकेच इतिहासाचेही आहे. त्यात हरवलेली अक्षरे आहेत, मोडलेला शिक्का आहे, आणि पाठचिकित्सेसारखी एक पद्धतही आहे. साहित्याच्या वाचकाला ते परके वाटू नये.

प्रथम रंगाची जागा पाहू. भाताच्या दाण्यावर सर्वांत बाहेर फोल, त्याखाली पातळ साल आणि आत पिठूळ पांढरा गर असतो. तांबडेपणा असतो तो त्या पातळ सालीत. म्हणूनच तांबडा तांदूळ फार सडला तर तो पांढरट होतो आणि हातसडीचा राहिला तर रंग टिकतो. चरकाने भाताच्या जाती सांगताना रक्तशालीला पहिला मान दिला आहे. आपले पूर्वज तांबड्या भाताला हलके मानत नव्हते, असा याचा सरळ अर्थ. तळ्याकाठी आपोआप उगवणारे, ज्याला संस्कृतात नीवार म्हणतात, ते रानभातही तांबड्या सालीचेच. लागवडीच्या भाताचे मूळ ज्या रानजातीत आहे तिचा दाणा सर्वत्र तांबडाच आढळतो. म्हणजे मूळ रंग तांबडा, पांढरा नंतरचा. तेव्हा 'तांबडा का' यापेक्षा 'पांढरा कसा झाला' हा प्रश्न अधिक योग्य ठरतो.

उत्तराकडे जाण्यापूर्वी एका कल्पनेची ओळख करून घ्यावी लागेल. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएचे दप्तर असते. भाताच्या बाबतीत ते बारा गुणसूत्रांत, म्हणजे बारा बासनांत बांधलेले आहे. त्यातले एकेक जनुक हे एकेक कागद, आणि त्या कागदावरच्या मजकुराप्रमाणे एकेक प्रथिन तयार होते. हे दप्तर मुळाच्या, पानाच्या आणि दाण्याच्या पेशीत एकच असते. तरीही पान हिरवे आणि दाण्याची साल तांबडी होते. याचे कारण प्रत्येक ठिकाणी सगळेच कागद बाहेर काढले जात नाहीत. कोणता कागद कोठे व केव्हा बाहेर काढायचा हे ठरविणारी काही प्रथिने असतात. ती स्वतः रंग करीत नाहीत, पिष्ट करीत नाहीत. इतर जनुकांच्या दारात बसून त्यांना कामाला लावतात किंवा थोपवून धरतात. शास्त्रज्ञ त्यांना जनुक-नियामक प्रथिने म्हणतात. ज्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत काढली आहेत त्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. कागद कितीही पक्का असो, त्यावर योग्य जागी योग्य अधिकाऱ्याची सही झाल्यावाचून तो हलत नाही. या प्रथिनांना मी येथे 'कारभारी' म्हणेन.

दाण्याच्या रंगाचा वारसा कसा चालतो याचा अभ्यास भारतात जुना आहे. मद्रास इलाख्यात कोइमतूर येथे पार्नेल व त्यांचे सहकारी रंगस्वामी अय्यंगार आणि रामय्या यांनी १९१७ साली भाताच्या गुणांच्या आनुवंशिकतेवर लेखन प्रसिद्ध केले. मेंडेलचे नियम भाताला लागू पडतात हे अशा कामांतून दिसून आले. पुढचा प्रश्न होता तो जागेचा. रंग ठरविणारे जनुक बारा बासनांपैकी कोणत्या बासनात, आणि त्यात नेमके कोठे?

येथे एका गोमंतकीयाचे नाव घ्यावे लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात कोसबें येथे झाला. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचा पेशा गणिताचा. गुणसूत्रावरील दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे ती पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात यावरून अजमावतात. दूर असतील तर अधिक वेळा सुटतात, जवळ असतील तर क्वचित. मात्र एका ठिकाणी तुटल्यावर लगेच शेजारी दुसरी तूट सहसा पडत नाही, त्यामुळे हा हिशेब सरळ बेरजेने सुटत नाही. हाल्डेन यांनी १९१९ साली एक सूत्र दिले होते. त्यात या अडथळ्याचा विचार नव्हता. कोसंबींनी १९४४ साली तो अंतर्भूत करणारे सूत्र मांडले. जनुकांचे नकाशे आखताना जगभर ते आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते, आणि भाताचे नकाशेही त्याला अपवाद नाहीत. साष्टी-बारदेशातल्या जमिनींच्या मोजणीचे कागद आपण जपून ठेवतो. भाताच्या गुणसूत्रांच्या मोजणीतही एका गोमंतकीयाचा फूटपट्टीसारखा उपयोग होतो, याचे स्मरण असावे.

तांबड्या रंगाच्या जनुकाला 'आरसी' असे नाव फार पूर्वीच पडले होते आणि ते सातव्या गुणसूत्रावर आहे हेही ठाऊक होते. २००६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सुसान मकाउच यांच्या गटातील मेगन स्वीनी व सहकाऱ्यांनी तांबड्या दाण्याचा रानभात आणि 'जेफरसन' नावाचे पांढऱ्या दाण्याचे वाण यांच्या संकरातून त्या जनुकाची जागा साडेअठरा हजार अक्षरांच्या पट्ट्यापर्यंत आवळत आणली आणि त्यातून नेमके जनुक हाती लागले. ते कोणत्याही रंगद्रव्याचे जनुक नव्हते. ते एका कारभाऱ्याचे जनुक होते. रंग तयार करणारी यंत्रणा पांढऱ्या तांदळाच्या झाडातही हजर असते, पण तिला हुकूम देणारा तेथे उरलेला नाही. तांबडा आणि पांढरा या दोहोंतला फरक जेमतेम चौदा अक्षरांचा निघाला. पांढऱ्या तांदळात ती चौदा अक्षरे गळालेली आहेत.

चौदा अक्षरे गळाल्याने एवढे काय बिघडते? डीएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडून वाचला जातो आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. आपल्या लिपीतले उदाहरण घेऊ. 'कमळ वरद नयन सहज' ही बारा अक्षरे सलग लिहिली आहेत असे समजा. त्यातला 'र' गळाला आणि वाचक तरीही तीन-तीन अक्षरे तोडत गेला, तर त्याला 'कमळ वदन यनस हज' असे वाचावे लागेल. गळालेल्या अक्षरापूर्वीचा भाग शाबूत, पुढचा सारा बिघडलेला. आणि मध्येच 'वदन' हा शब्द योगायोगाने जुळला तरी तो मूळचा नव्हेच. तीन अक्षरे गळाली असती तर एक शब्द गेला असता, बाकीची ओळ वाचली असती. चौदाला तीनने भाग जात नाही. त्यामुळे आरसीचा पुढचा मजकूर घसरतो, लवकरच 'येथे थांबा' असा अर्थ असलेला शब्द अवेळी येतो, आणि प्रथिन अर्धवट राहते. जो भाग तुटतो तोच नेमका डीएनएला पकडण्याचा, म्हणजे सही करण्याचा भाग. कारभारी दप्तरात येतो, पण त्याचा सही करणारा हात नसतो.

या तर्काचा पडताळा निसर्गानेच करून दाखविला. अमेरिकेत 'वेल्स' या पांढऱ्या वाणात अचानक तांबड्या दाण्याची झाडे आढळली. परक्या भाताची भेसळ असावी असा संशय येणे साहजिक होते. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की त्या झाडांत चौदा अक्षरे नव्हतीच. त्यांच्या आधी थोड्या अंतरावर आणखी एक अक्षर गळाले होते. चौदा आणि एक मिळून पंधरा, आणि पंधराला तीनने भाग जातो. मधले काही शब्द गेले, पण पुढची ओळ पुन्हा सुरळीत वाचली जाऊ लागली. कारभाऱ्याला हात परत मिळाला आणि दाणा तांबडा झाला. एका जादा चुकीने जुनी चूक निस्तरावी, असे उदाहरण कोणत्याही दप्तरात विरळाच.

आरसी एकटा मात्र काही करू शकत नाही. त्याच्या हुकुमाबरहुकूम काम करणारे 'आरडी' नावाचे दुसरे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. रंगद्रव्य तयार होण्याच्या साखळीतली एक कडी त्याच्याकडे असते. आरसी आणि आरडी दोन्ही ठीक असतील तर दाणा तांबडा. आरसी असून आरडी निकामी असेल तर तो तपकिरी छटेवरच थांबतो. साहेब हजर आणि कारकून रजेवर असला म्हणजे जे होते तेच.

हे चौदा अक्षरांचे गळणे किती जुने आणि किती पसरलेले? त्याच गटाने २००७ साली जगभरची वाणे तपासली तेव्हा पांढऱ्या तांदळाच्या सुमारे ९८ टक्के वाणांत तीच चौदा अक्षरे गळालेली निघाली. म्हणजे हा बदल ठिकठिकाणी वेगवेगळा झालेला नाही. तो एकदाच, जपोनिका गटातल्या भातात घडला आणि माणसाने तो हौसेने उचलून, संकरांतून इंडिका गटात नेऊन देशोदेशी पोचविला. पूर्वेकडच्या काही वाणांत मात्र निराळ्या ठिकाणी मोडलेले आरसी सापडते. माणसाला पांढरा भात आवडला, त्यामागे केवळ डोळ्यांची आवड नसावी. २०११ साली आणखी एक गोष्ट उजेडात आली: दाणा तांबडा करणारा हाच कारभारी त्या दाण्याला झोपवूनही ठेवतो. वनस्पतीतील ॲब्सिसिक आम्ल नावाच्या संप्रेरकाच्या निर्मितीवर त्याचा अंमल चालतो आणि त्यामुळे पिकलेला दाणा लगेच रुजत नाही. रानात हे शहाणपणाचे, कारण सगळे बी एकदम रुजले आणि पाऊस दडी मारून बसला तर वंशच बुडतो. शेतकऱ्याला मात्र पेरलेले सारे बी एका दिवशी वर आलेले हवे असते. दुसरीकडे कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस कोसळला की झोप न येणारा दाणा उभ्या कणसातच कोंब काढतो. आपल्या कोकणपट्टीत हा अनुभव नवा नाही. पांढऱ्या दाण्याची निवड करताना माणसाने नकळत दाण्याची झोपही मोडली.

आता या कारभाऱ्याच्या रूपाकडे वळू. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची लांब माळ. ती माळ सरळ राहत नाही. स्वतःभोवती वळते, घड्या पाडते आणि ठरावीक आकार घेते. कुलपाच्या चावीप्रमाणे प्रथिनाचे काम त्याच्या आकारात असते. आरसी ज्या घराण्यातला आहे त्याला 'बेसिक हेलिक्स-लूप-हेलिक्स' म्हणतात: दोन मळसूत्री कांड्या आणि त्यांना जोडणारा मधला फास. हे रूप १९८९ साली ओळखले गेले आणि त्याची पहिली स्फटिक-प्रतिमा १९९३ साली मिळाली. या घराण्यातली प्रथिने जोडीने काम करतात. दोघांच्या कांड्या एकमेकींत अडकून चिमटा तयार होतो आणि तो डीएनएवरच्या विशिष्ट सहा अक्षरांच्या खुणेवर बसतो. म्हणजे येथे एकाची सही चालत नाही, संयुक्त सही लागते. रंगाच्या कामात तर अनेक वनस्पतींत तिघांची समिती आढळते: या घराण्यातले एक, 'मिब' घराण्यातले एक, आणि दोघांना धरून ठेवणारे तिसरे. वनस्पतीतला असा पहिला कारभारी हाती आला तो १९८७ साली, मक्याच्या दाण्यातला 'सी-वन'. तो या मिब घराण्याचाच. मटारच्या जांभळ्या-पांढऱ्या फुलांवरून मेंडेलने आपले नियम बांधले, त्या फुलांचा रंग ठरविणारे प्रथिनही आरसीच्याच घराण्यातले आहे, हे २०१० साली सिद्ध झाले.

असा आकार प्रत्यक्ष पाहणे फार कष्टाचे. प्रथिनाचे स्फटिक करावे लागतात, त्यांतून क्ष-किरण सोडावे लागतात, आणि एकेका प्रथिनापायी संशोधकाची कित्येक वर्षे जातात. वनस्पतींचे कारभारी तर हजारोंनी आहेत. भातात एका आरसीच्याच घराण्यातली दीडशेहून अधिक प्रथिने मोजली गेली आहेत. म्हणून माळेतल्या मण्यांचा क्रम वाचून आकार आधीच वर्तविता येईल का, हा प्रश्न अर्धशतक शास्त्रज्ञांपुढे होता. ख्रिश्चन अँफिन्सन यांनी उलगडलेले प्रथिन पुन्हा आपोआप मूळ घडीत जाते हे दाखविले आणि त्यांना १९७२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे घडीची आज्ञा क्रमातच लिहिलेली आहे. पण ती वाचायची कशी? त्या वाचनाचे पहिले व्याकरण मद्रासला लिहिले गेले. गो. ना. रामचंद्रन, शशिशेखरन आणि रामकृष्णन यांनी १९६३ साली माळेच्या प्रत्येक सांध्याला कोणते कोन शक्य आहेत आणि कोणते अशक्य, याचा आलेख मांडला. कोणताही आकार, मग तो स्फटिकातून मिळालेला असो वा संगणकाने वर्तविलेला, खरा वाटतो की नाही हे तपासताना आजही 'रामचंद्रन आलेख' पुढे ठेवतात. रामचंद्रन यांच्यासमवेत काम केलेले अशोक कोळस्कर पुढे पुणे विद्यापीठात आले. त्यांनी टोणगावकर यांच्यासह १९९० साली प्रथिनाच्या क्रमावरून त्याचा कोणता भाग प्रतिकारशक्तीच्या नजरेस पडेल हे वर्तविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती जगभर वापरात आली. या विषयात पुण्याचे नाव असे आदराने घेतले जाते.

वर्तविणाऱ्यांची खरी परीक्षा १९९४ पासून सुरू झाली. जॉन मोल्ट यांच्या पुढाकाराने दर दोन वर्षांनी 'कॅस्प' ही स्पर्धा होऊ लागली. ज्यांचा आकार प्रयोगशाळेत मिळाला आहे पण जाहीर झालेला नाही अशा प्रथिनांचा फक्त क्रम स्पर्धकांना द्यायचा आणि उत्तरे ताडून पाहायची. पंचवीस वर्षे प्रगती संथ होती. २०२० सालच्या चौदाव्या फेरीत लंडनच्या डीपमाइंड या संस्थेच्या 'अल्फाफोल्ड' या संगणकीय पद्धतीने असे आकार वर्तविले, की त्यांपैकी अनेक प्रयोगशाळेतल्या आकाराच्या तोडीचे होते. २०२१ साली माणसासह एकवीस सजीवांची प्रथिने जगापुढे खुली झाली आणि त्यांत भात व मकाही होते. २०२२ साली ही संख्या वीस कोटींवर गेली. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना विभागून मिळाले. त्याच वर्षी आलेल्या नव्या आवृत्तीत प्रथिन एकटे न दाखविता ते डीएनएवर कसे बसते, दोन प्रथिने एकमेकांना कशी धरतात, हेही वर्तविण्याची सोय झाली. कारभाऱ्यांच्या अभ्यासात हे महत्त्वाचे, कारण त्यांचे सारे काम अशा धरण्यातच असते.

संगणकाला हे साधते कसे? यात साहित्याच्या वाचकाला ओळखीचे असे एक तत्त्व आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली तेव्हा देशभरच्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. कोसंबींनी स्वतः भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध केली, तीही अशीच शेकडो हस्तलिखिते ताडून. एका प्रतीत दोन दूरच्या ओळींतले शब्द एकत्र बदललेले दिसले, दुसऱ्या प्रतीत ते पुन्हा जोडीनेच बदललेले दिसले, की संपादकाला कळते की या दोन जागांचा परस्परसंबंध आहे. प्रथिनांचेही तसेच. एकच प्रथिन हजारो सजीवांत थोड्याथोड्या पाठभेदाने लिहिलेले असते. माळेतले दोन दूरचे मणी जर निरनिराळ्या सजीवांत जोडीने बदलत असतील, तर घडी पडल्यावर ते एकमेकांना टेकत असले पाहिजेत. अल्फाफोल्डच्या यशाला दोन गोष्टींचा आधार होता: १९७१ पासून जमा होत गेलेले, प्रयोगाने मिळविलेले सुमारे १ लाख ७० हजार आकार, आणि पाठभेदांचा हा प्रचंड संग्रह. ज्या प्रथिनाचे पाठभेद थोडे, त्याचे भाकीतही सहसा कच्चे. ज्या काव्याची एकच प्रत उरली आहे त्याची पाठचिकित्सा कोण करणार?

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली मर्यादा कारभाऱ्यांच्या स्वभावाची. त्यांचा डीएनएला पकडणारा भाग घट्ट आकाराचा असतो आणि तो चांगला वर्तविता येतो. पण उरलेला बराच भाग सैल दोरीसारखा असतो आणि कोणाशी गाठ पडेल त्याप्रमाणे रूप घेतो. संगणकाच्या चित्रात असा भाग नुसता लोंबता दिसतो. दुसरी मर्यादा अशी की आकारावरून काम कळेलच असे नाही. भातातल्या आरसीचा मक्यातला सख्खा भाऊबंद 'इंटेन्सिफायर' नावाने ओळखला जातो. तो एकाच मुळातून आलेला, एकाच घराण्याचा; पण भातात आरसी रंग चढवितो, तर मक्यात त्याचा भाऊबंद रंग आवरून धरतो. एकाच घराण्यातला एक भाऊ परवाने देतो आणि दुसरा ते अडवतो. तसबिरीवरून कोणता कोण हे सांगता येत नाही. तिसरी मर्यादा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. एकाच पिकाच्या दोन वाणांत एखाद्या अक्षराचा फरक असेल तर त्याचा परिणाम काय होईल, हे सांगण्यासाठी ही पद्धत घडविलेलीच नाही. ती घराण्याचा चेहरा दाखविते, व्यक्तीचा गुण नव्हे.

शिवाय एक गंमत अशी, की भाताचे संपूर्ण दप्तर आंतरराष्ट्रीय प्रयत्नाने २००५ साली प्रसिद्ध झाले, त्यात अकराव्या गुणसूत्राच्या कामात दिल्लीच्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. पण जे वाण वाचले गेले ते 'निप्पोनबारे' हे जपानी, पांढऱ्या दाण्याचे. त्यात ती चौदा अक्षरे नाहीत. भाताची आदर्श प्रत म्हणून जी जगापुढे आली तिच्यात तांबड्या दाण्याच्या कारभाऱ्याची सही खोडलेली आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे ८९ देशांतल्या ३,०१० वाणांचे वाचन झाले आणि ते २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका प्रतीवर विसंबू नये हा संपादनशास्त्राचा पहिला धडा भाताच्या शास्त्रालाही गिरवावा लागला.

या साऱ्याचा आपल्या मातीशी संबंध काय, असे कोणी विचारील. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन सांगितली जाते. म्हापसा, शापोरा, तेरेखोल या नद्यांच्या काठी आपल्याच पूर्वजांनी, गावकऱ्यांच्या संस्थांनी, बांध घालून आणि मानस बसवून ती खाऱ्या पाण्यापासून राखली. पावसाने मातीतले मीठ धुऊन गेले की भात टाकायचा. पण मीठ पुरते कधीच जात नाही. या मातीत टिकते ते कोरगुट. ते उंच वाढते, लोळते, उत्पन्न बेताचे देते. पण जेथे बाकीची वाणे करपतात तेथे ते उभे राहते. आसगो, दामगो, पाटणी अशी नावेही जुन्या माणसांच्या बोलण्यात येत. १९६८ नंतर आलेल्या 'जया'ने आणि १९७४ साली केरळातल्या पट्टांबी केंद्राने दिलेल्या 'ज्योती'ने खाजनाबाहेरची शेते व्यापली. ज्योती गोव्यात रुजली त्यात तिच्या तांबड्या दाण्याचाही वाटा असला पाहिजे. आपल्या जिभेने रंगाचा आग्रह सोडला नाही. खाजनात मात्र ज्योतीचे चालले नाही. तेथे बांध फुटले, मजूर मिळेनासे झाले, शेते पडीक राहिली, आणि त्यांबरोबर बियाणेही संपत गेले.

जुन्या वाणात काय दडलेले असू शकते याचे एक उदाहरण पुरे. ओडिशातल्या एका जुन्या स्थानिक भातातून निवडलेले 'एफआर १३ ए' हे वाण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही जगे. उत्पन्न कमी म्हणून शेतकरी त्याकडे वळत नसत. २००६ साली त्याच्या नवव्या गुणसूत्रात 'सब-वन-ए' हा कारभारी सापडला. पूर येताच तो रोपाची वाढ थांबवून शिल्लक जपायला लावतो. तो 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात आणला गेला आणि २००९ साली 'स्वर्णा-सब-वन' शेतकऱ्यांच्या हाती आले. संगणकाने तो शोधला नव्हता. कोणीतरी ते निरुपयोगी वाटणारे भात पेरत राहिले म्हणून तो उरला होता. आपल्याकडेही जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' ही खारट जमिनीची वाणे दिली आहेत. हे काम कोरगुट उरले होते म्हणूनच झाले.

सोळाव्या शतकात गोमंतकातील आपल्या पोथ्या जाळल्या गेल्या. त्या काळच्या रामायण-महाभारताच्या गद्य कथांपैकी काही रोमी लिपीत उतरवून घेतल्या गेल्या आणि पोर्तुगालात ब्रागा येथील ग्रंथालयात राहिल्या. म्हणून आज आपल्याला त्यांचा पत्ता लागतो. बियाण्याच्या शीतगृहाचेही असेच आहे. तेथे बी उरते, ही मोठीच गोष्ट. पण पोथी ब्रागाला आणि वाचणारे गोव्यात, अशी ती स्थिती असते. शीतगृहातले बी बदलत्या समुद्राशी, वाढत्या खाऱ्या पाण्याशी झुंजत नाही. ज्या वर्षी ते ठेवले त्याच वर्षाचे राहते. खाजनात दरसाल पेरलेले बी मात्र दरसाल परीक्षेला बसते. संगणकाला ज्या पाठभेदांची भूक आहे ते असे शेतात लिहिले जातात.

आपल्या संस्थेच्या सभासदांना यात करण्यासारखे एक काम आहे. पेडणे आणि डिचोलीतल्या जुन्या घरांतून खंडाच्या, नैवेद्याच्या आणि देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या अजून सापडतात. काही मोडीत, काही पोर्तुगीजमध्ये. त्यांत इतके खंडी, इतके कुडव भात एवढेच लिहिलेले असेल तर ते बाजूला ठेवावे. पण भाताचे नाव, शेताचे नाव आणि साल अशी तिन्ही जेथे एकत्र असतील ती ओळ उतरवून घ्यावी, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला त्या भाताचा रंग, कुसळ आणि कापणीचा महिना विचारून पुढे लिहावा. मीठगवत माजलेल्या कोणत्या खाजनात कोणते भात होत असे हे कोणताही संगणक सांगणार नाही. ते सांगणारी माणसे अजून आहेत, आणि त्या वह्याही अजून पुरत्या वाळवीच्या तोंडी गेलेल्या नाहीत.